एकाच मापाची भूल

बिवलकर सरांविषयी वाईट बोलणारा माणूस ठाण्यात मला आजवर भेटलेला नाही. म्हणून ते काम मलाच करावं लागणार असं दिसतं.

ते गेले तेव्हा शोकसभेला हॉल भरून लोक बाहेर उभे होते. डॉक्टर, सिस्टर, औषध कंपन्यांची पोरं, नर्सिंग होमखाली उभे राहणारे रिक्षावाले. तीन जणांची भाषणं झाली आणि तिघांनीही कोलशेतच्या कोळ्याची गोष्ट सांगितली. सर स्वतः गाडी काढून त्याच्या घरी जायचे, जमिनीवर बसून त्याच्या पायांची पट्टी करायचे, एक पैसा घेत नसत. तिसऱ्याने तर मध्येच थांबून चष्मा पुसला. गोष्ट खरी होती. सर जात होते, जमिनीवर बसत होते, पैसे घेत नव्हते. फक्त त्या माणसाचे पाय भाजले कसे, हे तिघांपैकी कुणी सांगितलं नाही. बहुधा कुणाला ठाऊकच नसावं.

डॉ. सुधाकर बिवलकर भूलतज्ज्ञ होते. ऐंशीच्या दशकात ठाण्यापासून कल्याणपर्यंत गल्लोगल्ली नर्सिंग होमं निघत होती. खाली मेडिकलचं दुकान, वर आठ-दहा खाटा आणि एक ऑपरेशन थिएटर. सर्जन पुष्कळ झाले होते, भूल देणारे थोडे. त्या थोड्यांत सर सगळ्यांचे लाडके. उंच, गोरे, कडक इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, वाळ्याचं अत्तर, खिशात सुपारीची चांदीची डबी. क्रीम रंगाची फियाट खाली लागली की वरच्या सिस्टर केस सारखे करायच्या. जिन्यातूनच त्यांची शीळ ऐकू यायची. घाबरलेल्या पेशंटच्या खांद्यावर हात टाकून ते विचारायचे, "काय राव, मॅच कधी आहे?" पेशंट साठीचा असला तरी हेच, बाई असली तरी हेच.

हर्निया, मूळव्याध, हायड्रोसील असल्या कमरेखालच्या ऑपरेशनला पूर्ण झोपवायची गरज नसते. पाठीच्या मणक्यांमधून बारीक सुई घालून औषध सोडलं की माणूस जागा राहतो आणि कमरेखाली बधिर होतो. आम्ही त्याला स्पायनल म्हणतो. स्पायनलला सरांचा हात सोन्याचा होता, हे मी नाकारणार नाही. जाड पाठी, वाकड्या पाठी, संधिवाताने लाकूड झालेल्या पाठी. जिथे आम्ही घामाघूम व्हायचो तिथे सर गप्पा मारत मारत एका टोचणीत आत जायचे. "मुंगी चावली की सांगा हं, मी तिला रागावतो," असं म्हणेपर्यंत काम झालेलं असायचं. पेशंट हसत असायचा. सर्जन खूश, सिस्टर खूश. माझा राग एखाद्या नालायक माणसावर असता तर तो केव्हाच विरून गेला असता. हा माणूस लायक होता, म्हणूनच राग अजून टिकून आहे.

मी तेव्हा नुकतीच भूलशास्त्राचा डिप्लोमा पास होऊन, लग्न करून डोंबिवलीत आले होते. ओळखीपाळखी नव्हत्या. सरांनी मला हाताशी घेतलं. सगळे म्हणाले, नशीब काढलंस. काम काय, तर बसायचं. सर स्पायनल द्यायचे, हातमोजे काढायचे, डबीतली सुपारी तोंडात टाकायचे आणि म्हणायचे, "शैला, जरा बस हं. मी आलोच." खाली फियाट सुरू व्हायची आणि ते दुसऱ्या नर्सिंग होमला जायचे. तिथे आणखी एक पाठ वाट बघत असायची. मी पेशंटच्या डोक्याशी स्टुलावर बसून रक्तदाब बघायचे, तो खाली आला तर सलाईन वाढवायचे, मळमळलं तर वाटी धरायचे. सर 'आलोच' म्हणून गेलेले असत, येत मात्र नसत. पेशंट शुद्धीतच असल्यामुळे विचारायचा, "मोठे डॉक्टर कुठे गेले?" मी म्हणायचे, इथेच आहेत.

बसल्यामुळे मला एक गोष्ट कळली जी सरांना कधी कळली नाही. भूल देताना ती फारशी कळतच नाही. ती खरी कळते उतरताना.

आमच्याकडे मुख्यतः दोन औषधं होती. लिग्नोकेन लवकर चढायचं, तास-दीड तासात उतरायचं. ब्युपिव्हाकेन सावकाश चढायचं आणि तीन-तीन, चार-चार तास रेंगाळायचं. डोस मोठा असेल तर त्याहूनही जास्त. कुठलं घ्यायचं आणि किती, यात आमच्या धंद्याची निम्मी अक्कल आहे. ऑपरेशन कसलं, सर्जनचा हात किती जलद, पेशंट आज घरी जाणार की उद्या, घर कितव्या मजल्यावर, सोबत कोण, हे सगळं विचारायचं आणि मग औषधाची अँप्यूल फोडायची. सर काहीच विचारत नसत. त्या काळात ते सगळ्यांना लिग्नोकेन द्यायचे. उंच माणसाला तेवढंच, बुटक्याला तेवढंच. सिरिंज एका ठरलेल्या रेघेपर्यंत भरायची. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "औषध कुठलंही घे गं. हात पाहिजे."

ठाकुर्लीचा एक शिंपी होता. त्याची मूळव्याध पानसे डॉक्टरांनी काढली होती. पानसे म्हणजे ठाण्यात तलावपाळीच्या मागे ज्यांचं नर्सिंग होम होतं ते सर्जन; सरांचे खास दोस्त. ऑपरेशन दोन्ही पाय वर टांगून झालं होतं. दुसऱ्या दिवशी शिंपी भिंत धरत परत आला. जखम उत्तम होती. पण दोन्ही कुल्ल्यांतून मांड्यांपर्यंत कळा येत होत्या. "मशीनवर बसवतच नाही हो," तो म्हणाला. "पाय कुणी पिळतंय असं वाटतं." पानशांनी जखम बघून त्याला पाठवून दिलं. मी त्याच्याशी जिन्यात बोलले. मग सरांना सांगितलं की, पाय टांगून ऑपरेशन झालेल्यांपैकी याच्यासारखे आणखी काही जण मला भेटलेत; सगळ्यांना लिग्नोकेनच दिलं होतं.

सर पानशांच्या केबिनमध्ये चहा पीत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "अगं, ढुंगणाचं ऑपरेशन झालेल्या माणसाचं ढुंगण दुखणार नाही तर काय कान दुखणार?"

केबिन हसली. पानसे हसले, सिस्टर तोंडाला पदर लावून हसली, औषध कंपनीचा पोरगा सगळ्यांत मोठ्याने हसला. सर हसून झाल्यावर मायेने म्हणाले, "शैला, एक लक्षात ठेव. ऑपरेशनच्या दिवशीचं दुखणं आपलं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं सर्जनचं." पानसे म्हणाले, "वा, वा!" त्यांच्याच अंगावर ढकललेलं दुखणं त्यांनी टाळी देऊन घेतलं.

शिंप्याच्या कळा चार-पाच दिवसांत गेल्या. सगळ्यांच्याच जायच्या. म्हणून कुणी कधी विचारलं नाही.

एकदा मात्र मला सरांची दया आली होती. ते मला कल्याणहून ठाण्याला फियाटमधून सोडत होते. मी धीर करून विचारलं, "सर, तुम्ही नंतर पेशंटला बघायला का जात नाही? पाच मिनिटांचं तर काम असतं." त्यांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले की, उमेदवारीच्या दिवसांत त्यांच्या हातून एक बाळंतीण गेली होती. कोवळी पोर. भूल दिल्यावर श्वास थांबला तो परत आलाच नाही. "त्यानंतर मी ठरवलं. मागे वळून बघितलं की पुढच्या पेशंटला हात लावायची हिंमत राहत नाही." त्यांचा आवाज जड झाला होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मनात म्हटलं, आपण या माणसाला ओळखलंच नाही. घरी नवऱ्यालाही सांगितलं.

काही महिन्यांनी तेच सर कल्याणच्या एका नव्या भूलतज्ज्ञ पोराला तेच सांगताना मी ऐकलं. तीच फियाट, मी मागे बसलेली. मी मागे आहे हे बहुधा विसरले असावेत. या वेळी गेला होता तो एक म्हातारा होता, गावाकडचा, एकुलता मुलगा सोबत आलेला. श्वास थांबला तो परत आलाच नाही. आवाज अगदी त्याच ठिकाणी जड झाला. पुढच्या सीटवरचा पोरगा खिडकीबाहेर बघू लागला.

कुणी मेलं होतं की नाही, मला माहीत नाही. कदाचित दोघंही मेले असतील. पण त्या दिवसापासून सरांची कीव करायचं मी सोडून दिलं.

पुढे नव्वदच्या दशकात बाहेरच्या जर्नलांतून लिग्नोकेनविषयी लिहून येऊ लागलं. स्पायनलनंतर कुल्ल्यांत आणि मांड्यांत कळा येतात, पाय वर टांगले असतील तर जास्त येतात, वगैरे. आमच्या भूलतज्ज्ञांच्या मंडळात त्यावर एक बैठक झाली. मी तोवर डोंबिवलीत स्वतःची कामं करू लागले होते. जागा मागे मिळाली. चर्चा सुरू झाली तसे सर उठले, डबी खिशात टाकली आणि म्हणाले, "मी तर पहिल्यापासून सांगत होतो. ठाकुर्लीचा एक टेलर होता माझा पेशंट..." शिंप्याची सगळी गोष्ट त्यांनी सांगितली. मशीनवर बसवत नाही, पाय पिळल्यासारखे वाटतात, शब्दन् शब्द. जिन्यात त्याच्याशी बोलणारे आता सर होते. बोलून खाली बसताना त्यांची माझ्याशी नजरानजर झाली. ते माझ्याकडे बघून प्रेमाने हसले. चोरी करताना पकडलेला माणूस असा हसत नाही. त्यांना ती गोष्ट खरोखर स्वतःचीच वाटत होती.

त्या बैठकीनंतर सरांनी लिग्नोकेन एका दिवसात सोडलं आणि सगळ्यांना ब्युपिव्हाकेन द्यायला लागले. सगळ्यांना. सिरिंज त्याच रेघेपर्यंत भरून.

नेमका तोच काळ पानशांच्या नव्या पाटीचा. 'सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी.' निळ्या अक्षरांत, खाली दिवा लावलेला. कल्पना चांगलीच होती. माणूस रात्री आपल्या घरी झोपतो, घरच्यांची धावपळ वाचते. पण त्यासाठी भूल तशी बेतावी लागते. लांबणारं औषध घ्यायचं तर डोस थोडका घ्यायचा, लागेल तेवढाच भाग बधिर करायचा. नंतर पाय हललेत का, उभं राहता येतंय का, लघवी झाली का, हे बघूनच सोडायचं. पूर्ण डोसाने पायांबरोबर मूत्राशयही झोपतं. माणसाला लागतही नाही आणि होतही नाही. मी हे सरांना सांगितलं. ते म्हणाले, "थोडका डोस देऊ आणि मध्येच पेशंट ओरडला तर? पानसे मला काय म्हणेल?" मग जरा थांबून, "तू फार्मसीला का नाही गं गेलीस? मापात छान रमली असतीस."

काशिनाथ कोलशेतचा. पन्नाशीचा, खाडीत मासेमारी करणारा, दंडांचे नुसते दोर झालेले. हर्निया होता. बरोबर त्याची बायको नागूबाई. सकाळी उपाशीपोटी येऊन दोघं बाकावर बसली होती. सरांना कल्याणहून यायला उशीर झाला, आणखी उशीर झाला, आणि काशिनाथचा नंबर दुपार कलल्यावर लागला. सर आले ते शीळ घालतच. "काय राव, मॅच कधी आहे?" पाच मिनिटांत सुई, रेघेपर्यंतचं औषध, सुपारी. मी सकाळच्या एका केससाठी तिथे आले होते. पानसे म्हणाले, थांबाल का? मी थांबले.

ऑपरेशन लवकर आटोपलं. काशिनाथला खाटेवर आणलं तेव्हा त्याचे पाय लाकडासारखे होते. मला डोंबिवलीला एका सिझेरियनसाठी जायचं होतं. मी पानशांना सांगितलं, याला आज सोडू नका. सिस्टरला सांगितलं. दुसऱ्या नर्सिंग होमला फोन लावून सरांनाही सांगितलं, "सर, त्याचे पाय पार गेलेत, लघवी झालेली नाही. रात्रभर ठेवायला हवं." पलीकडून शांत आवाज आला, "हो हो, अगदी बरोबर. मी बघतो."

त्यांनी बघितलं. संध्याकाळी ते आले, काशिनाथच्या पावलावर एक थाप मारली आणि म्हणाले, "अरे, घरी जाऊन उतरेल! आपल्या गादीवर लवकर उतरतं." खाट दुसऱ्या पेशंटला हवी होती आणि पाटीवर 'संध्याकाळी घरी' लिहिलेलं होतं. वॉर्डबॉयने आणि रिक्षावाल्याने काशिनाथला उचलून रिक्षात ठेवलं.

घरी गेल्यावर नवऱ्याचे पाय मेल्यासारखे पडलेत हे बघून नागूबाईने जे तिच्या आईने केलं असतं तेच केलं. चुलीत वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि तळपायांना शेक दिला. काशिनाथला काही कळत नव्हतं, म्हणून तिने वीट आणखी तापवली.

सकाळी दोघं परत आली तेव्हा मी तिथे होते. दोन्ही टाचांवर लिंबाएवढाले फोड, डावीकडचा फुटलेला, आतलं मांस पांढरं. शिवाय रात्रभर लघवी न झाल्याने पोट फुगून ताठ झालेलं. आधी नळी घालून लघवी काढली. तो मोठा दांडगा माणूस दात आवळून छताकडे बघत पडला होता.

पानशांचा चेहरा उतरला होता. सर आले. त्यांनी फोड बघितले आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना पेशंटच्या खाटेवर बसताना बघितलं. त्यांनी नागूबाईकडे वळून इतक्या मऊ आवाजात विचारलं की वॉर्डातल्या बायका गप्प झाल्या.

"ताई, हे काय केलंत तुम्ही?"

तिने पदर डोक्यावर ओढून घेतला.

"तुम्ही मायेपोटी केलंत, मला कळतं. पण एवढी तापलेली वीट? डॉक्टरांना विचारायचं तरी."

नागूबाईने हात जोडले. "चुकला माजा," ती म्हणाली.

"असू दे, असू दे," सर म्हणाले. "माणूस आहे, चुकतो. मी आहे ना. मी स्वतः घरी येऊन पट्टी करीन. एक पैसा देऊ नका."

वॉर्डातल्या एका म्हातारीने डोळे पुसले.

मी केबिनचं दार लावून घेतलं आणि सरांना विचारलं, "बधिर पायांचा माणूस घरी कुणी सोडला?"

"शैला, आवाज खाली."

"मी फोन केला होता तुम्हाला."

"केला होतास ना? आणि मी आलोही होतो. भूल उतरली की नाही? उतरली. पाय हलतायत? हलतायत. म्हणजे माझं काम चोख झालं. आता त्या बाईने वीट लावली यात मी काय करू?"

"तिला सांगितलं होतं कुणी, की त्याला चटका कळणार नाही म्हणून?"

"सगळंच सांगत बसलो तर भूल कधी देऊ?" त्यांनी डबी उघडून माझ्यापुढे धरली. "घे. रागाने तोंड कडू होतं."

पानसे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. रविवारचे आकडे लाल असतात हे जणू त्यांना आजच कळत होतं.

सर खरंच कोलशेतला जात राहिले. एक दिवसाआड फियाट खाडीच्या बाजूच्या त्या अरुंद रस्त्याने आत शिरायची आणि पोरं मागे धावायची. सर जमिनीवर बसायचे. येताना नागूबाई त्यांना पिशवीभर कोलंबी द्यायची. मग ती कोलंबी ठाण्यातल्या निम्म्या नर्सिंग होमांत चर्चेला यायची. "अहो, बाजारात मिळणार नाही अशी. खाडीतून थेट माझ्या पिशवीत! गरिबाचं प्रेम असं असतं बघा." सगळे म्हणायचे, सर, तुमच्यासारखा माणूस नाही.

एकदा सरांना भाचीच्या लग्नासाठी पुण्याला जायचं होतं. पट्टी चुकू नये म्हणून पानशांनी मला पाठवलं. काशिनाथ ओटीवर पाय पसरून जाळ्याची गाठ मारत होता. उजवी टाच भरत आली होती, डावी अजून ओली होती. मी पट्टी केली. नागूबाई अंगणात मासे निवडत होती. निघताना मला राहवलं नाही. मी तिच्याजवळ उकिडवी बसले आणि म्हटलं, "तुमची काही चूक नव्हती. पाय बधिर असताना यांना घरी सोडायलाच नको होतं. वीट लावायची नाही हे सांगायचं कामही डॉक्टरांचं होतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

तिने मान वर केली नाही. "मना ठावं हाय," ती म्हणाली.

"काय?"

"मी काय आंधली हाय? रिक्षान घालताना तेचे पाय बाहेर लोंबत व्हते. मी त्या सिस्टरला बोलली, या मानसाला एकदा उभा तं करून दाखवा. ती बोलली, मोठे डाक्टर बोललेत, न्या."

"मग त्या दिवशी हात कशाला जोडलेत त्यांच्यापुढे?"

आता तिने माझ्याकडे बघितलं. मला काहीच कळत नाही अशी तिची खात्री झाली असावी. "डाक्टरीनबाय, मी तवा भांडली असती तं तो आला असता हितं पट्टी कराला? तुमच्या त्या दवाखान्यान मना कोनी उभी केली नसती. तेला मोठेपना पायजे व्हता, मी दिला. मना माज्या मानसाचे पाय पायजेत."

ओटीवरून काशिनाथ हसला.

"आणि ती कोलंबी?" मी विचारलं.

"कालची," नागूबाई म्हणाली. "ताजी बाजारान जाते."

परतताना मी रिक्षात एकटीच हसत होते. रिक्षावाला आरशातून बघत होता. इतकी वर्षं मी या माणसावर नुसती चरफडत होते. तिने त्याला कामाला लावलं होतं.

काशिनाथचे पाय बरे झाले. डाव्या टाचेची कातडी मात्र कायमची पातळ राहिली. होडीच्या ओल्या फळीवर अनवाणी फार वेळ उभं राहवेना, तेव्हा लांबच्या खेपांना त्याने पुतण्याला पाठवायला सुरुवात केली. हे मला नंतर कधीतरी नागूबाईकडूनच कळलं, ठाण्याच्या बाजारात. शोकसभेतल्या कुठल्याच भाषणात ते नव्हतं.

पानशांनी काही न बोलता एक गोष्ट केली. ऑपरेशनच्याच दिवशी घरी जाणाऱ्या पेशंटांची कामं हळूहळू माझ्याकडे आली. सरांना कुणी दुखावलं नाही. नर्सिंग होमच्या वर्धापनदिनाला त्यांना शाल दिली, नारळ दिला. आता सरांनी फक्त मोठ्या केसेस बघाव्यात, लहानसहान कामांत त्यांना दमवू नये, असं पानसे भाषणात म्हणाले. सर भरून पावले. त्यांना काढलं गेलंय हे त्यांच्या शेवटपर्यंत लक्षात आलं नाही, किंवा आलं असलं तरी त्यांनी त्याकडेही मागे वळून बघितलं नाही.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते पानशांकडेच. संध्याकाळ होती. वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या खाटेवर शहाडचा एक मुलगा होता, कारखान्यात कामाला असलेला, हायड्रोसीलचं ऑपरेशन झालेला. मी त्याला थोडका डोस दिला होता, तरी त्याला जरा वेळ लागत होता. असं होतं कधीकधी. मी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले होते. सर पानशांना भेटायला आले होते. केस पांढरे झाले होते, जिना चढून दम लागला होता, इस्त्री मात्र तशीच कडक. मला बघून ते दारातच थांबले.

"अजून बसतेसच का गं तू?"

"हो, सर."

"एवढी वर्षं झाली." त्यांनी मान हलवली. ते मला चिडवत नव्हते. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "तुझ्या बरोबरीच्यांचे बंगले झाले. मी तुला नेहमी सांगायचो, टोचायचं आणि निघायचं. पेशंटजवळ बसून कोण मोठं झालंय?"

ते आत आले, त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी हसून बोलले. मुलगाही हसला. मग पानशांनी हाक मारली आणि ते गेले. जाताना वाटेतल्या प्रत्येक खाटेशी थांबले. आयाने त्यांच्या पाया पडून घेतलं. जिन्यापाशी सिस्टर त्यांचा हात धरून उतरायला मदत करू लागली, तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. खाली रिक्षावाल्यांचे आवाज आले, "सर, सोडू का? सर, या इकडे."

मुलगा त्या दिशेने बघत होता.

"मोठे डॉक्टर होते का ते?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "फार मोठे. पाय हलवून दाखव बघू."

त्याने जोर लावला. अंगठा हलला नाही. मी खुर्ची आणखी जवळ ओढली.